दोहनावूरच्या अम्मा

भगिनींनो, आजाऱ्यासाठी केलेली प्रार्थना फळास आली नाही की आपली श्रद्धा डळमळते. अशा वेळी मला एमी कारमायकेल आठवतात.

१८६७ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या ह्या ख्रिस्ती बाई १८९५ मध्ये हिंदुस्थानात आल्या, त्या पुन्हा मायदेशी गेल्याच नाहीत. देवळांना वाहिल्या जाणाऱ्या मुलींना त्यांनी तिरुनेलवेलीकडील दोहनावूर येथे आसरा दिला. मुली त्यांना अम्मा म्हणत.

२४ ऑक्टोबर १९३१ रोजी दवाखान्यासाठी घेतलेले घर पाहताना अम्मा अंधारात खड्ड्यात पडल्या. पाय मोडला. त्या बऱ्या व्हाव्यात म्हणून पुष्कळ प्रार्थना झाल्या. पण प्रकृती पूर्ववत झाली नाही. पुढची सुमारे २० वर्षे बहुतेक एका खोलीतच गेली. तरी त्यांनी ना प्रार्थना सोडली, ना देवाला दोष दिला. अंथरुणावरूनच पुस्तके लिहिली. आजाऱ्याने आजाऱ्यांस लिहिलेले त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले. १८ जानेवारी १९५१ रोजी त्या निवर्तल्या. थडग्यावर दगड नको, अशी त्यांची इच्छा होती. तेथे पाखरांसाठी पाण्याचे कुंड ठेवण्यात आले.

मला वाटते, बरे होणे आपल्या हातचे नसते. मागत राहणे आणि हातचे काम न टाकणे, एवढे मात्र असते.