खचत्या जमिनीवरचे चाक

बीड जिल्ह्यातील रस्ते चाकांची परीक्षा पाहतात. बालाघाटच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. वर पाटोदा, आष्टी, केजकडील माळरान आणि खाली गेवराई, माजलगावकडील गोदाकाठची काळी जमीन. ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता हळूहळू लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या मोटारीच्या मागच्या चाकातून एक दिवस घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो. वेग वाढला की आवाजही वाढतो. गॅरेजमधला मिस्त्री गाडी जॅकवर घेतो, चाक वरखाली हलवून पाहतो, हाताने फिरवून खरखर ऐकतो आणि बेअरिंग गेल्याचे सांगतो.

नवे बेअरिंग ज्या खोक्यातून निघते, त्यावर अनेकदा एसकेएफ ही तीन अक्षरे असतात. ही अक्षरे जगभर पोहोचवणारे स्वेन विंगक्विस्ट यांचे नाव स्वीडनच्या उद्योगविश्वात आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांची झुंजही हलत्या जमिनीशीच होती.

विंगक्विस्ट यांचा जन्म 10 डिसेंबर 1876 रोजी हॉल्सबर्ग या रेल्वे जंक्शनच्या गावी झाला. वस्त्रोद्योगाचे तांत्रिक शिक्षण घेऊन ते गोथेनबर्ग शहरातील गामलेस्टाडन येथील कापड गिरणीत अभियंता म्हणून रुजू झाले. यंत्रे चालती ठेवणे हे त्यांचे काम. त्या काळच्या गिरण्यांत प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर नसे. छताखालून लांबच लांब दांडे फिरत आणि त्यांच्यावरील पट्ट्यांमधून मागांना गती मिळे. गिरणी उभी होती ती मऊ चिकणमातीच्या जमिनीवर. जमीन खचली की इमारत किंचित कले आणि दांड्यांची सरळ रेषा मोडे. मग बेअरिंगमधील गोळ्यांवर एकाच बाजूने दाब येई, ते तापे आणि निकामी होई. एक बेअरिंग गेले की मागांची सगळी रांग थांबे. नवे बेअरिंग परदेशातून मागवावे लागे आणि ते येण्यास विलंब होई.

विंगक्विस्ट बेअरिंग्ज बदलत राहिले, परंतु नवे बेअरिंगही जुन्याच्या वाटेने जात होते. दोष बेअरिंगच्या पोलादापेक्षा ते ज्या जागी बसवले जात होते त्या जागेत अधिक होता. इमारत पुन्हा बांधणे शक्य नव्हते आणि जमिनीला स्थिर राहण्याचा हुकूम देता येत नव्हता. तेव्हा दांडा कलणारच, हे गृहीत धरून बेअरिंगलाच तो कल सोसायला शिकवावे, असा विचार त्यांनी केला. 1907 साली त्यांनी सिद्ध केलेल्या रचनेत गोळ्यांच्या दोन रांगा होत्या. आतल्या कड्याला दोन खाचा होत्या आणि बाहेरच्या कड्याचा आतील पृष्ठभाग गोलाच्या आतल्या भागासारखा अंतर्वक्र होता. त्यामुळे दांडा थोडा कलला तरी आतले कडे आणि गोळे त्याच्याबरोबर वळत आणि भार दोन्ही रांगांवर वाटला जाई. स्वतःला जुळवून घेणारे बेअरिंग म्हणून ते ओळखले जाऊ लागले.

गिरणीच्या मालकांनी भांडवल पुरवले आणि 16 फेब्रुवारी 1907 रोजी स्वेन्स्का कुल्लागरफाब्रिकेन, म्हणजे स्वीडिश बॉल बेअरिंग कारखाना, ही कंपनी स्थापन झाली. एसकेएफ हे तिचेच संक्षिप्त नाव. विंगक्विस्ट तिचे व्यवस्थापकीय संचालक झाले आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच तिचा विस्तार स्वीडनबाहेर झाला. बेअरिंगसाठी नोंदवलेले व्होल्वो हे नावही याच कंपनीचे. लॅटिन भाषेतील या शब्दाचा अर्थ मी फिरतो, असा होतो. पुढे 14 एप्रिल 1927 रोजी याच नावाची पहिली मोटार गोथेनबर्गच्या कारखान्यातून बाहेर पडली.

मोटारीच्या मागच्या चाकात विंगक्विस्ट यांचे ते मूळ बेअरिंग सहसा नसते. तेथे बहुधा निमुळत्या रोलरची जोडी किंवा दोन रांगांचे बंदिस्त बेअरिंग असते, कारण वळणावर चाकाला बाजूचा दाबही सोसावा लागतो. मात्र बेअरिंग का झिजते आणि किती काळ टिकते, या प्रश्नाला शास्त्राची बैठक देण्याचे काम त्यांच्या कंपनीत पुढे गेले. तेथील अभियंता आर्विड पाल्मग्रेन यांनी 1924 साली बेअरिंगच्या आयुष्याचा हिशेब मांडला. भार आणि फेऱ्यांच्या ओझ्याखाली पोलादही अखेर थकते, हे त्या विचाराचे सूत्र होते.

विंगक्विस्ट यांनी 1919 साली व्यवस्थापकीय संचालकपद सोडले. 17 एप्रिल 1953 रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर 1960 च्या दशकात पुण्याजवळ चिंचवड येथे बेअरिंगचा कारखाना उभा राहिला आणि गोथेनबर्गच्या चिकणमातीवर सुरू झालेली ही परंपरा महाराष्ट्रात रुजली. तो कारखाना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

बीडच्या गॅरेजमध्ये आजही त्यांच्याच प्रश्नाची उजळणी होते. बेअरिंग गेले म्हणून केवळ नवे बसवणारा मिस्त्री आणि ते का गेले हे पाहणारा मिस्त्री यांत मोठे अंतर असते. दुसरा मिस्त्री ऑइल सील फाटून आत पाणी, धूळ गेली का, हे आधी तपासतो. रोलरचे बेअरिंग असेल तर तो हबमधील बाहेरची रेसही बदलतो. नवे बेअरिंग हबमध्ये बसवताना तो दाब बाहेरच्या कड्यावरच देतो, हातोड्याचा घाव गोळ्यांवरून जाऊ देत नाही. रोलरच्या जोडीचा नट तो चाक फिरवत आवळतो आणि मग किंचित सैल करतो, तर बंदिस्त बेअरिंगचा नट उत्पादकाने ठरवलेल्या मापानेच कसतो. यातली एखादी गोष्ट राहिली तर काही महिन्यांतच तो घुमणारा आवाज परत येतो. चालत्या गाडीत चाक निखळण्यापर्यंतही प्रसंग येऊ शकतो.

काळी माती यापुढेही फुगेल आणि भेगाळेल. रस्ते कलतील, बेअरिंग्ज झिजतील. झिजलेला भाग बदलणे हे देखभालीचे काम आहे. तो का झिजला हे शोधणे हाही त्याच कामाचा भाग आहे, हे विंगक्विस्ट यांनी एका खचत्या गिरणीत दाखवून दिले.