सर्पहृदय आणि डॉ. सेन

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचे नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत येते ते एकाच ओळीपुरते. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी जगातील पहिले हृदयारोपण केले त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते, आणि मुंबईचे हे जगातील सहावे होते. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरा प्रयत्न झाला. तो रुग्ण चौदा तास जगला. पुस्तकात विषय येथे संपतो. मला या माणसाविषयी कुतूहल वाटू लागले ते मात्र त्यांच्या दुसऱ्याच एका प्रयोगामुळे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने शल्यकर्मावर लिहिणे हा अव्यापारेषु व्यापार खरा. पण तो प्रयोग इतका विलक्षण आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही.

सेन जन्माने बंगाली. १९१५ साली कलकत्त्यात जन्मले. कर्माने मात्र ते मुंबईचे, आणि तेही परळचे. गिरण्यांच्या भोंग्यांवर जागणाऱ्या त्या वस्तीतील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय हीच त्यांची कर्मभूमी. १९५० च्या आसपास अमेरिकेत फिलाडेल्फियाला राहून आल्यावर त्यांनी छातीच्या आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांना वाहून घेतले. त्या काळी आपल्याकडे हृदयाला हात घालणे हे धाडसच समजले जाई.

समोर येणारे रोगी बहुतेक गरीब घरांतले. लहानपणी दाटीवाटीच्या खोलीत घसा धरला, पाठोपाठ सांधे सुजून ताप आला, आणि काही वर्षांनी पायऱ्या चढताना धाप लागू लागली, अशी त्यांची कहाणी. या तापात हृदयाच्या झडपांना सूज येते. सूज ओसरताना तेथे व्रण धरतो आणि झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. धडधडत्या हृदयात बोट घालून त्या चिकटलेल्या पाकळ्या मोकळ्या करायच्या, अशी त्या दिवसांतील शस्त्रक्रिया होती. रोगाचा ताप केव्हाच गेलेला असे. सर्जनच्या बोटाला लागे तो मागे राहिलेला व्रण.

पुढे सेन आणि त्यांचे सहकारी महाधमनीच्या एका विकाराकडे वळले. त्यात विशेषतः तरुण स्त्रियांच्या महाधमनीची भिंत सुजते आणि मग व्रणामुळे जाड व अरुंद होत जाते. १९६३ साली त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे १०१ रोग्यांच्या अभ्यासावर एक ग्रंथही सिद्ध केला. येथेही गाठ व्रणाशीच होती.

आता तो प्रयोग. आपले हृदय रक्ताने भरलेले असते, पण त्याचा स्नायू ते रक्त थेट घेऊ शकत नाही. बाहेरून वेढलेल्या वाहिन्यांतून आलेल्या रक्तावरच तो जगतो. नदीकाठच्या शेताला विहिरीचे पाणी द्यावे तसा हा प्रकार! सरपटणाऱ्या प्राण्यांचे तसे नाही. सापाचे हृदय आतून बरेचसे स्पंजासारखे असते. पोकळीतले रक्त सरळ स्नायूत झिरपते. सेन यांनी हे पाहिले आणि विचार केला, की माणसाची वाहिनी तुंबली असेल तर सुईने स्नायूला आतल्या पोकळीपर्यंत भोके पाडून त्याला सापाच्या हृदयासारखे का करू नये? कुत्र्यांवर प्रयोग झाले. त्यांची हृदयवाहिनी बांधूनही मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसले आणि १९६५ मध्ये डॉ. उदवाडिया, डॉ. परुळकर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी हे काम जगापुढे मांडले. ज्या प्राण्याला पाहताच आपल्याकडे काठी शोधतात, त्याच्या हृदयात उपाय शोधणारा हा माणूस मला कवीच्या जातीचा वाटतो. ते चित्रेही काढीत, हे वाचून मला मुळीच नवल वाटले नाही.

पण भोके टिकेनात. पुढील काही वर्षांत इतरत्र झालेल्या तपासण्यांत दिसले, की सुईची वाट प्रथम रक्ताच्या गाठीने आणि मग व्रणाने बुजून जाते. हृदयाने आपली जखम भरून काढली आणि सर्जनचा उपाय मोडीत काढला.

ही जखम भरते कशी, हे १९६५ साली पुरते कोणालाच ठाऊक नव्हते. स्नायूत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. स्नायुपेशी मेल्या की टीजीएफ-बीटा नावाचे प्रथिन या पेशींना जागे करते. त्या रूप पालटून आकुंचन पावणाऱ्या होतात आणि कोलॅजेनचे धागे विणू लागतात. जखमेतील हे पालटलेले रूप १९७१ मध्ये जिनिव्हात प्रथम ओळखले गेले. टीजीएफ-बीटाची ओळख पटायला ऐंशीचे दशक उजाडले. लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर त्या धाग्यांना एकमेकांत गाठवते, आणि व्रण चिवट होतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला हे समजायला हृदयापर्यंत जावे लागत नाही. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा खर्रा वर्षानुवर्षे चघळणाऱ्याचे गाल आतून पांढरे व ताठ होतात, तिखट सोसत नाही, आणि शेवटी तोंडात दोन बोटे शिरणे कठीण होते. तेथेही हेच घडते. सुपारीतील द्रव्य फायब्रोब्लास्टना चेतवते आणि तिच्यातील तांबे त्याच विकराला बळ देते. खर्रा सोडला तरी ताठरलेला गाल सहसा पूर्ववत होत नाही.

हृदयात मात्र व्रणावाचून चालतही नाही. मोठ्या झटक्यात शंभर कोटींपर्यंत स्नायुपेशी मरतात. नव्या पेशींची पैदास पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का असते आणि पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. कोलॅजेनने ती जागा भरली नाही तर भिंतच फुटेल. आमच्याकडे भाताच्या बांधीला धुरा लागतोच. धुऱ्यावाचून पाणी ठरत नाही. पण दर पावसाळ्यात धुरा हातभर रुंद होत गेला तर धानाला जागा कोठे उरणार? थकत चाललेल्या हृदयाचे असेच होते. शरीरातील अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन यांसारखी द्रव्ये धोका टळल्यावरही फायब्रोब्लास्टना जागेच ठेवतात. धडधाकट भागातही धागे पसरतात, भिंत ताठरते आणि ठोक्याची लय बिघडते. आज हृदय खचलेल्या रोग्याला देतात त्यांपैकी काही औषधे या द्रव्यांना अडवतात. झालेला व्रण पुसणारे औषध मात्र अजून हाती नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे १९६८ च्या त्या दोन शस्त्रक्रिया निराळ्या दिसू लागतात. चिकटलेली झडप बोटाने सोडवता येत होती. आरपार खचलेला स्नायू ना सुईने सुधारत होता, ना सुरीने. मग उरले काय, तर संपूर्ण हृदयच बदलणे. कुत्र्यांवर वर्षानुवर्षे सराव करून सेन तेथवर आले होते. प्रसिद्धीच्या शर्यतीत मुंबईनेही उडी घेतली, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. मात्र परके हृदय शरीराने नाकारू नये म्हणून लागणारी प्रभावी औषधे तेव्हा नव्हती, आणि मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानणारा कायदाही देशात नव्हता. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, पण तिसरे हृदयारोपण त्यांच्या हातून झाले नाही.

सुईच्या जागी लेझर वापरण्याची कल्पना पुढे इतरांनी उचलली आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्या यंत्राला मान्यता मिळाली. तीही भोके बहुधा बुजतात, तरी काही रोग्यांच्या छातीचे दुखणे कमी होते; ते का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. सेन १९८२ साली वारले. पुढच्याच वर्षी सायक्लोस्पोरीनला अमेरिकेत मान्यता मिळाली. अवयवदानाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टात दिल्लीला डॉ. वेणुगोपाल यांनी केलेले हृदयारोपण यशस्वी झाले.