आपल्या बनियनमधला सँडो

कपाट उघडा. दोन-चार सँडो नक्की सापडतील. दुकानात आपण बिनधास्त ‘एक सँडो द्या, नव्वद नंबर’ म्हणतो आणि पिशवी घेऊन घरी येतो. पण सँडो हे एका हाडामांसाच्या माणसाचं आडनाव आहे, तेही त्याने स्वतःच घेतलेलं, हे कितीजणांना माहितीये? युजेन सँडो. बाह्या नसलेल्या बनियनला आपल्याकडे त्याचं नाव चिकटलं, आणि माणूस मात्र विसरला गेला.

सध्या कॉलेजच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवलं की दुसरं पाऊल जिममध्ये पडतं. पहिल्याच आठवड्यात बारला मोठ्या प्लेट लावायच्या, पाठीची कमान करून कसाबसा बार उचलायचा आणि मित्राने त्याचं रील काढायचं. हे करणाऱ्या प्रत्येकाने सँडोची गोष्ट वाचायला हवी. त्याच्या आयुष्यात बारबेल उचलण्याचा सगळ्यात मोठा धडा आहे, आणि या क्षेत्रातली सगळ्यात जुनी फसगतही आहे.

म्युलरचा सँडो झाला

2 एप्रिल 1867 रोजी प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरात तो जन्मला. आज हे शहर रशियात आहे आणि कालिनिनग्राड नावाने ओळखलं जातं. खरं नाव फ्रिडरिश विल्हेल्म म्युलर. लष्करातली सक्तीची नोकरी टाळायची म्हणून 1885 मध्ये, अठराव्या वर्षी त्याने घर सोडलं आणि सर्कशींबरोबर युरोपभर फिरू लागला. नावही बदललं.

आपण लहानपणी अगदी किडकिडीत होतो, वडिलांबरोबर इटलीत प्राचीन पुतळे पाहिले आणि तसं शरीर कमवायचं ठरवलं, अशी गोष्ट तो पुढे सांगायचा. त्यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती, यावर अभ्यासक शंका घेतात. थोडक्यात, ‘बिफोर-आफ्टर’ची गोष्ट सांगून लोकांना खेचणं काही इन्स्टाग्रामने शोधलेलं नाही.

खरी कलाटणी मिळाली ब्रुसेल्समध्ये. तिथे त्याला लुडविग डुरलाखर भेटला. ताकदीच्या दुनियेत त्याला प्रोफेसर अटिला म्हणायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर वस्ताद. सर्कशीतल्या या पोराच्या अंगात दम आहे, पण तो कसा वापरायचा हे त्याला कळत नाही, हे अटिलाने ओळखलं. त्याने सँडोला आपल्या हाताखाली घेतलं आणि जड बारबेल-डंबेलवर मेहनत करून घेतली.

माणूस खाली, वजन वर

त्या काळचा बारबेल आपल्या जिममधल्यासारखा नव्हता. जाड दांडा आणि दोन्ही टोकांना लोखंडी गोळे. आजच्या ऑलिंपिक बारची टोकं स्वतंत्र फिरतात, त्यामुळे मनगटावर पिळ येत नाही. तेव्हा ही सोय नव्हती. उचलताना जरा चुकलं की गोळे आपल्याबरोबर माणसालाही फिरवायचे.

अशा बारबेलने अटिलाचे शिष्य एका हाताने एक प्रकार करायचे, बेंट प्रेस. तो शोधून काढल्याचं श्रेयही अटिलालाच देतात. बारबेल उजव्या खांद्याशी आणायचा. मग तो वर ढकलायचा नाही. हात आहे तिथेच ठेवून कमरेतून डावीकडे वाकत जायचं. नजर सतत वजनावर. शरीर जसजसं खाली जातं, तसतसा हात आपोआप सरळ होत जातो. हात पूर्ण सरळ झाला की वजन त्याच्यावर स्थिर तोलायचं आणि सावकाश उभं राहायचं.

म्हणजे वजन जवळपास आहे तिथेच राहतं आणि माणूस त्याच्याखाली जातो. सँडोची उंची जेमतेम पावणेसहा फूट. पण या पद्धतीने तो एका हाताने अडीचशे पौंडांहून जास्त, म्हणजे 113 किलोंच्या वर वजन उचलायचा. नुसत्या खांद्याच्या जोरावर हे कुणालाच जमणार नाही.

बेंट प्रेस आता फारसं कुणी करत नाही. पण त्यामागचं तत्त्व आजही तेच आहे. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनगटात स्नॅचमध्ये 113 किलो उचलले आणि पुढे रौप्यपदक जिंकलं. स्वतःच्या वजनाच्या दुप्पट! स्लो मोशनमध्ये कुठलाही चांगला स्नॅच पाहा. खेळाडू बारला डोक्यापर्यंत ओढत बसत नाही. बारला वेग मिळाला की क्षणात तो त्याच्याखाली बसतो.

लंडनमधले साखळदंड

1889 मध्ये लंडनच्या रॉयल अॅक्वेरियममध्ये सॅम्पसन नावाचा पहिलवान खेळ करत होता. आपल्याला आणि आपल्या चेल्याला हरवून दाखवा, असं त्याचं जाहीर आव्हान होतं. चेल्याचं नाव सायक्लॉप्स. अटिलाने सँडोला लंडनला बोलावून घेतलं. 29 ऑक्टोबरला सँडोने सायक्लॉप्सला हरवलं आणि 2 नोव्हेंबरला खुद्द सॅम्पसनला.

सॅम्पसनचा हुकमी खेळ होता दंडावरची साखळी दंड फुगवून तोडण्याचा. ही साखळी त्याच्याच मापाची असायची, त्यामुळे समोरच्याची पंचाईत व्हायची. सँडो मात्र स्वतःच्या मापाची साखळी बनवून घेऊन आला होता. त्याने ती तोडली. वर जड डंबेल उचलून दाखवलं. एका रात्रीत सँडोचं नाव लंडनभर झालं.

सँडो काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. 1894 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने सिंहाशी कुस्ती केली, तेव्हा सिंहाच्या तोंडाला मुसकी आणि पंजांना मोजे होते! गाजावाजा कसा करायचा, हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

लोक शरीर पाहायला येऊ लागले

1893 मध्ये तो अमेरिकेत गेला. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी फ्लोरेन्झ झिगफेल्ड या तरुण निर्मात्याने त्याचे खेळ लावले. झिगफेल्डच्या एक गोष्ट लक्षात आली. तो काय उचलतो यापेक्षा तो दिसतो कसा, हे पाहायला लोक जास्त उत्सुक होते. मग कार्यक्रमात वजनांइतकंच शरीर दाखवण्याला महत्त्व आलं. पुढच्याच वर्षी एडिसनच्या स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर स्नायू फुगवणारा सँडो सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या चेहऱ्यांपैकी एक ठरला.

1897 मध्ये त्याने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामसंस्था काढली, पुढच्या वर्षी मासिक. 14 सप्टेंबर 1901 रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल होते. बक्षीस होतं सँडोचाच छोटा पुतळा. आजही मिस्टर ऑलिंपियाच्या विजेत्याला मिळतो तो सँडोचाच पुतळा. 1905 च्या सुमारास जगाच्या दौऱ्यावर असताना तो भारतात आला, कलकत्ता-मुंबईत त्याचे खेळ झाले.

हलक्या डंबेलचा जड धंदा

आता फसगतीची गोष्ट. सँडो टपालाने व्यायामाचे कोर्स विकायचा. त्यासोबत अगदी हलके डंबेल. त्यातला एक प्रकार दोन भागांचा, मध्ये स्प्रिंगा असलेला. व्यायाम करताना मूठ आवळून ते दोन भाग सतत जवळ धरून ठेवायचे. लक्ष दुसरीकडे गेलं की मूठ सैल. कल्पना वाईट नव्हती. ज्या स्नायूला काम द्यायचं त्याच्याकडे मन द्या, हे तो शिकवायचा आणि ते आजही बरोबर आहे. ऑफिसात बसून काम करणाऱ्या हजारो लोकांनी त्याच्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा व्यायाम केला.

पण जाहिरातीत जे शरीर दिसायचं, ते त्या हलक्या डंबेलवर बनलं नव्हतं. ते बनलं होतं वस्तादाच्या नजरेखाली, जड लोखंडावर, कित्येक वर्षांच्या मेहनतीतून. ती वर्षं टपालाच्या पाकिटात मावत नव्हती, मग विकणार कशी?

सँडोला पाहून भारावलेल्यांत अॅलन कॅल्व्हर्ट नावाचा एक अमेरिकन मुलगा होता. त्याने नेमकं उलट केलं. 1902 मध्ये फिलाडेल्फियात मायलो बारबेल कंपनी काढली आणि वजन कमी-जास्त करता येणारे बारबेल विकायला सुरुवात केली. सोप्यापासून सुरू करा, जमलं की थोडं वाढवा. आपल्या जिममधली प्लेटची रांग या विचारावरच उभी आहे.

नाव नसलेली कबर

1911 मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी सँडोला व्यायामशिक्षक म्हणून खास मान दिला. त्याने कोकोचाही धंदा काढला, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात तो बुडाला. 14 ऑक्टोबर 1925 रोजी, वयाच्या 58 व्या वर्षी सँडो वारला. लंडनच्या पटनी व्हेल दफनभूमीत त्याला पुरलं. बायकोने कबरीवर दगड बसवू दिला नाही. जगभर ज्याचं नाव छापलं गेलं, त्याच्या कबरीवर पुढची सत्तरहून जास्त वर्षं नावच नव्हतं.

मग आपण काय करायचं?

उद्या जिममध्ये गेलात की आधी नुसता बार उचला. पुरुषांचा ऑलिंपिक बार 20 किलोंचा असतो, महिलांचा 15 किलोंचा. नवशिक्याला तेवढं वजन चुका कळायला पुरेसं असतं. डेडलिफ्ट करताना बार पायाला चिकटून वर येतोय का? स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जातायत का? पाठ गोल होतेय का? मित्राला मोबाइल बाजूने धरायला सांगा, म्हणजे चूक स्वतःलाच दिसेल. आणि एखाद्या जाणत्या माणसाला पाहायला लावा. सँडोलाही अटिला लागला होता. सगळे रेप्स एकसारखे जमले, की मगच छोटी प्लेट लावा. शेवटचा रेप वाकडातिकडा झाला, तर वजन तेवढंच ठेवा. इगो घरी ठेवा.

आणि एखादं कमावलेलं शरीर रीलमधून तुम्हाला काही विकायला आलं, तर एक प्रश्न नक्की विचारा. हे शरीर खरंच याच वस्तूवर बनलंय का?

उत्तर मिळेपर्यंत सँडो घाला आणि रिकाम्या बारखाली उभे राहा.