मिस फ्लॉरेन्स नाइटिंगेल

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत परिचारिकेच्या कामास मुळींच प्रतिष्ठा नव्हती. रुग्णालयांत तें काम करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित असत. कुलीन मुलीनें तें पत्करणें घरच्यांस लाजिरवाणें वाटे. ही समजूत ज्यांनीं पालटली, त्या नाइटिंगेलबाईंचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं झाला. त्यावरूनच त्यांचें नांव ठेविलें गेलें. वडील श्रीमंत व विद्याव्यासंगी होते. मुलीस त्यांनीं स्वतः शिकविलें. बाईंना गणिताची विशेष गोडी होती. परंतु परिचारिका होण्याचा मनोदय त्यांनीं सांगतांच घरांत मोठा विरोध झाला. कित्येक वर्षें धीर धरल्यावर १८५१ सालीं जर्मनींतील कैसरस्वर्थ येथें त्यांस शुश्रूषेचें शिक्षण घेतां आलें.

१८५४ सालीं इंग्लंड रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धांत पडलें. जखमी व आजारी सैनिकांना काळ्या समुद्रापलीकडे, कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथें एका प्रचंड बराकींत आणून ठेवीत. त्यांच्या हालांच्या वार्ता वृत्तपत्रांत येतांच सारा देश हळहळला. मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून बाई ३८ परिचारिका घेऊन नोव्हेंबरांत तेथें पोहोंचल्या.

प्रथम लष्करी डॉक्टरांनीं त्यांची मदत नाकारली. बाईंनीं भांडण केलें नाहीं. त्यांच्या परिचारिका मुकाट्यानें शिवणकाम करीत बसल्या. पुढें जखमींची रीघ लागली, तेव्हां डॉक्टरांनींच त्यांना बोलाविलें. बाईंनीं रोग्यांच्या पथ्याची सोय केली, आणि एक घर भाड्यानें घेऊन सैनिकांच्या बायकांकडून कपडे धुवून घेतले. रात्रीं दिवा घेऊन खाटांमधून फिरणारी त्यांची मूर्ति सर्व जगास ठाऊक आहे.

परंतु इतकी सेवा चालू असतांही त्या हिवाळ्यांत मृत्यु वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्यें शेंकडा सुमारें ४२ रोगी दगावले. त्यांतील बहुतेक जखमांनीं नव्हे, तर हगवण, ताप अशा रोगांनीं. मार्चमध्यें इंग्लंडहून आरोग्यमंडळ आलें. त्यानें तुंबलेलीं गटारें धुवून काढविलीं, पाण्याचे मार्ग साफ करविले, भिंतींस चुना देवविला व हवा खेळती केली. जूनपर्यंत तें प्रमाण शेंकडा दोनांच्या आसपास आलें.

१८५६ सालीं युद्ध संपून बाई परतल्या, तेव्हां देशभर त्यांचा जयजयकार चालला होता. त्यांनीं मात्र डॉ. विल्यम फार यांच्या साह्यानें मृत्यूंचे हिशेब तपासले. रणभूमीजवळच्या छावणींतील इस्पितळांपेक्षां आपल्या स्कुटारींतच मृत्यूंचें प्रमाण अधिक होतें, असें त्यांना दिसून आलें. दुसऱ्या कोणीं तीं पानें मिटून ठेविलीं असतीं. बाईंनीं तेच आंकडे रंगीत आकृति काढून अधिकाऱ्यांपुढें मांडले.

त्यानंतरचें त्यांचें सारें कार्य ह्याच अनुभवावर उभें राहिलें. १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवाची परिचारिका-शाळा निघाली. दुखण्यामुळें वर्षानुवर्षें खोलींत राहूनही त्यांची लेखणी थांबली नाहीं. हिंदुस्थानांत त्या कधींच आल्या नाहींत. तरी येथील लष्कराच्या आरोग्याविषयींच्या १८६३ च्या सरकारी अहवालांत त्यांचा मोठा वांटा होता. येथील दुष्काळ व खेड्यांतील अस्वच्छता यांवरही त्या लिहीत राहिल्या, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांनीं पत्रव्यवहार केला. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, वयाच्या ९० व्या वर्षीं, त्या निवर्तल्या.

विद्यार्थिमित्रांनो, दिवा हातीं घेणें सोपें नव्हतें. पण आपल्याच कामांतील उणीव त्या दिव्याच्या उजेडांत पाहणें त्याहून कठीण होतें. घरीं कोणी आजारी पडल्यास केवळ उशाशीं बसून अश्रु ढाळूं नयेत. खोलींत मोकळी हवा आहे काय, पाणी शुद्ध आहे काय, आपले हात स्वच्छ आहेत काय, हें आधीं पाहावें. तसें केल्यानेंच आपली माया रोग्याच्या उपयोगीं पडेल.