ख्रिश्चन डॉप्लर

ख्रिश्चन आंद्रेआस डॉप्लर (२९ नोव्हेंबर, १८०३, साल्झबुर्ग – १७ मार्च, १८५३, व्हेनिस) हे ऑस्ट्रियन गणितज्ञ व भौतिकशास्त्रज्ञ होते. तरंगाचा उगम आणि निरीक्षक यांच्या सापेक्ष गतीमुळे तरंगाची वारंवारता बदललेली आढळते, हा त्यांचा सिद्धान्त डॉप्लर परिणाम म्हणून ओळखला जातो. यकृतातील रक्तप्रवाह सोनोग्राफीने मोजण्याची पद्धत याच सिद्धान्तावर आधारलेली आहे.

जीवन

डॉप्लर यांचे घराणे पाथरवटांचे होते. प्रकृती नाजूक असल्याने ते त्या व्यवसायात न पडता शिक्षणाकडे वळले. व्हिएन्ना येथील शिक्षणानंतर कायमची नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी अमेरिकेस जाण्याची तयारी केली. परंतु १८३५ मध्ये प्राग येथील शाळेत जागा मिळाल्याने तो बेत रहित झाला. १८४१ मध्ये ते तेथील तंत्रसंस्थेत गणिताचे प्राध्यापक झाले.

२५ मे, १८४२ रोजी त्यांनी प्रागच्या विज्ञानसभेत दुहेरी ताऱ्यांच्या रंगीत प्रकाशावरील निबंध वाचला. ताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात, हा त्यातील निष्कर्ष चुकीचा होता. ते रंग मुख्यतः तापमानावर अवलंबून असतात. वारंवारतेचे सूत्र मात्र अचूक होते. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी धावत्या आगगाडीत कर्णेवादक बसवून ते ध्वनीच्या बाबतीत पडताळले. विशेष म्हणजे, रंगांविषयीचे मत त्यांना स्वतःला मान्य नव्हते.

१८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठातील भौतिकी संस्थेचे पहिले संचालक झाले. ग्रेगोर मेंडेल हे तेथे त्यांचे विद्यार्थी होते. १८५२ मध्ये गणितज्ञ पेट्झवाल यांनी सिद्धान्तावर कडाडून टीका केली. तोवर डॉप्लर यांची प्रकृती खालावली होती. हवापालटासाठी ते व्हेनिसला गेले आणि वयाच्या ४९ व्या वर्षी क्षयाने तेथेच निधन पावले.

यकृताच्या रक्तप्रवाहाचे मापन

रक्तप्रवाह व हृदयाची हालचाल टिपण्यासाठी हा परिणाम १९५० च्या दशकात ओसाका येथील शिगेओ सातोमुरा यांनी वापरला. यकृताला मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त मिळते. त्यातील तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून आणि उरलेले यकृताच्या धमनीतून येते. सेकंदाला सुमारे ३० लाख कंपनांचा ध्वनी वाहत्या रक्तपेशींवरून परततो तेव्हा या नीलेत त्याच्या वारंवारतेत काहीशे कंपनांचाच फरक पडलेला असतो. हा फरक मानवी कानाच्या टप्प्यात येत असल्याने यंत्रातून प्रवाह ऐकूही येतो. त्यावरून काढलेल्या सरासरी वेगाला वाहिनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले की प्रवाह मिळतो.

सिरॉसिसमध्ये प्रवेशिका नीलेतील प्रवाह मंदावतो, क्वचित उलटा फिरतो. तिच्यावरील दाब कमी करण्यासाठी यकृतातून स्टेंटची वाट काढल्यास उपचारापूर्वीचे व नंतरचे वेग ताडून पाहतात. स्टेंटमधील वेगात मोठा बदल झाला तर वाट अरुंद झाल्याची शंका येते. यकृत प्रत्यारोपणानंतर धमनीत गुठळी झाल्यास नवे यकृत गमावण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्या दिवसांत ही तपासणी पुनःपुन्हा करतात.

हे मापन निर्दोष नाही. ध्वनिशलाका व प्रवाह यांतील कोन ६० अंशांहून मोठा असल्यास कोनातील लहानशी चूकही वेगाचा आकडा फार बदलते आणि व्यासातील चूक क्षेत्रफळात वर्गाच्या प्रमाणात उतरते. जेवणानंतर प्रवेशिका नीलेतील प्रवाह वाढत असल्याने दोन्ही वेळची तपासणी शक्यतो उपाशीपोटी करतात.