जेम्स मॅडिसन : घटनाकार आणि पक्षकर्ता

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख कोठेही आढळत नाही. १७८७ साली फिलाडेल्फियात ती घडविणाऱ्या मंडळींना पक्ष ठाऊक नव्हते असे नव्हे. ते चांगले ठाऊक होते म्हणूनच त्यांना त्यांचा तिटकारा होता. पक्षभेद ही प्रजासत्ताकाला जडणारी व्याधी होय आणि ती बळावणार नाही अशी राज्यरचना करावयास हवी, असा त्यांचा सर्वसाधारण समज होता. हा समज ज्याने सर्वांत काटेकोरपणे मांडला, त्याच गृहस्थाने अवघ्या चार-पाच वर्षांत त्या देशातील पहिला विरोधी पक्ष उभा करण्यात पुढाकार घेतला. जेम्स मॅडिसनच्या आयुष्यातील ह्या पेचाला त्याच्या विरोधकांनी संधिसाधूपणा म्हटले. प्रश्न इतका सरळ आहे असे मला वाटत नाही.

मॅडिसनचा जन्म १६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनियातील पोर्ट कॉन्वे येथे, आजोळी झाला. बारा भावंडांत तो थोरला. वडील ऑरेंज परगण्यातील बडे जमीनदार. तंबाखूची लागवड आणि ती करणारे गुलाम ह्यांच्यावर माँटपेलिअरच्या घराचे वैभव उभे होते. मुलगा मात्र शरीराने किरकोळ निघाला. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, प्रकृती नाजूक, आणि आवाज इतका बारीक की पुढे सभागृहांतील वृत्तलेखकांना त्याची वाक्येच्या वाक्ये ऐकू येत नसत. न्यू जर्सीच्या कॉलेजात, म्हणजे आजच्या प्रिन्स्टनमध्ये, स्कॉटिश विद्वान जॉन विदरस्पून ह्याच्या हाताखाली त्याने दोनच वर्षांत १७७१ साली पदवी मिळविली आणि नंतर आणखी काही महिने तेथेच राहून हिब्रूचे अध्ययन केले.

सार्वजनिक जीवनातील त्याचे पहिले काम एका शब्दाचे आहे. १७७६ साली व्हर्जिनियाच्या अधिवेशनात हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा पुढे आला. जॉर्ज मेसनच्या त्या मसुद्यात इतर पंथीयांविषयी सहिष्णुता बाळगण्याची भाषा होती. पंचवीस वर्षांच्या मॅडिसनने हरकत घेतली. सहिष्णुता ही बलवानाने दुर्बळाला दिलेली सवलत असते आणि ती परतही घेता येते. उपासनेचे स्वातंत्र्य हा सर्वांचा समान हक्क म्हणूनच लिहिला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता आणि तो मान्य झाला. पुढच्याच वर्षी हा तरुण निवडणुकीत पडला. मतदारांना मद्य पाजण्याची तिकडची रूढ रीत त्याने पाळली नाही, आणि मतदारांनी ती पाळणाऱ्या उमेदवाराला पसंत केले!

१७८० साली तो फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये गेला, तेव्हा नव्या राष्ट्राची दुर्बलता त्याने जवळून पाहिली. तेरा राज्यांच्या ह्या संघाला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे पैसे मागावयाचे आणि ती देतील तेवढे घ्यावयाचे, असा कारभार होता. लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत, आणि करारनाम्यात दुरुस्ती करावयाची तर तेराही राज्यांची संमती आवश्यक. आयातीवर अल्प कर बसविण्याची योजना १७८२ साली एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे अडली. सैनिकांचे पगार थकले, परदेशी कर्जाचे व्याज थकले. मॅडिसनने ह्यावर भाषणे केली, पण त्याचा खरा उपाय अभ्यासाचा होता. पॅरिसहून टॉमस जेफर्सनने त्याला पेट्या भरभरून ग्रंथ पाठविले. प्राचीन ग्रीसमधील नगरराज्यांचे संघ, स्वित्झर्लंड, हॉलंड अशा एकेका संघराज्याचे टिपण त्याने काढले आणि प्रत्येकाखाली त्याच्या नाशाची कारणे लिहून ठेवली. रुग्णाला हात लावण्यापूर्वी जुन्या शवविच्छेदनांचे अहवाल वाचणाऱ्या वैद्याचीच ही रीत होय.

मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाची परिषद भरली. पंचावन्न प्रतिनिधींपैकी ह्या एकट्याने संपूर्ण तयारी केली होती असे म्हणण्यास हरकत नाही. एडमंड रँडॉल्फने मांडलेली व्हर्जिनिया योजना मुख्यतः त्याच्याच विचारांची होती. दारे बंद, कामकाज गुप्त. मॅडिसन अध्यक्षांच्या समोर बसून दिवसभर टिपणे घेई आणि रात्री ती विस्ताराने लिहून काढी. त्याला राज्यघटनेचा जनक म्हणतात. परंतु त्याच्या जिव्हाळ्याच्या दोन मागण्या परिषदेने फेटाळल्या, हे सहसा सांगितले जात नाही. राज्यांच्या कोणत्याही कायद्यावर काँग्रेसला नकाराधिकार असावा आणि दोन्ही सभागृहांत प्रतिनिधित्व लोकसंख्येनुसार असावे, ह्या त्या मागण्या. सीनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान जागा देणारी तडजोड १६ जुलैला एका मताच्या फरकाने संमत झाली, तेव्हा तो अतिशय निराश झाला. तरीही १७ सप्टेंबरला सही केली आणि त्याच घटनेच्या मंजुरीसाठी त्याने जिवाचे रान केले.

अलेक्झांडर हॅमिल्टन आणि जॉन जे ह्यांच्यासह टोपणनावाने लिहिलेले त्याचे ‘फेडरॅलिस्ट’मधील निबंध ह्याच काळातले. २२ नोव्हेंबर १७८७ रोजी प्रसिद्ध झालेला दहावा निबंध आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा. समाजात गट पडतात ते मुख्यतः संपत्तीच्या विषम वाटणीमुळे. ते नाहीसे करावयाचे तर स्वातंत्र्यच नाहीसे करावे लागेल, आणि हा उपाय रोगाहून भयंकर. म्हणून गट राहणारच. पण प्रजासत्ताक जितके विस्तीर्ण तितके गट अधिक, आणि गट अधिक तितके एकाच गटाला बहुमत जुळवून इतरांना दडपणे अवघड. छोट्या राज्यातच लोकशाही टिकते हा तोवरचा सिद्धान्त त्याने असा उलटा केला.

१७८९ साली प्रतिनिधिगृहाची निवडणूक त्याने जेम्स मन्रोविरुद्ध ३३६ मतांनी जिंकली. प्रचारात दिलेले वचन पाळून ८ जूनला नागरिकांच्या हक्कांविषयीच्या घटनादुरुस्त्या त्याने मांडल्या. त्यांतील दहा १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आल्या. त्या दिवसांत शासनात त्याचे स्थान कसे होते, ते एका गमतीदार गोष्टीवरून कळते. वॉशिंग्टनचे अध्यक्षपदाचे पहिले भाषण मॅडिसनने लिहिले, प्रतिनिधिगृहातर्फे त्याला द्यावयाचे उत्तरही त्यानेच लिहिले, आणि त्या उत्तराला वॉशिंग्टनने दिलेले प्रत्युत्तरही त्याच लेखणीतून उतरले.

बिघाड झाला तो पैशांच्या प्रश्नावरून. हॅमिल्टन आता अर्थमंत्री होता. युद्धकाळातील कर्जरोखे दर्शनी किमतीने फेडावेत, असे त्याने १७९० साली सुचविले. ह्यांतील पुष्कळ रोखे मूळच्या सैनिकांनी व शेतकऱ्यांनी नाडलेल्या अवस्थेत मातीमोलाने विकले होते आणि ते सट्टेवाल्यांच्या हाती जमले होते. मूळ धारकालाही वाटा मिळावा ही मॅडिसनची सूचना मोठ्या बहुमताने नामंजूर झाली. राज्यांची कर्जे केंद्राने घेण्याचा वाद राजधानी पोटोमॅकच्या काठी नेण्याच्या सौद्याने मिटला. १७९१ साली राष्ट्रीय बँकेचे विधेयक आले, तेव्हा घटनेत असा अधिकार नाही म्हणून तो उभा राहिला. ज्याच्याबरोबर घटनेचे समर्थन लिहिले, त्याच्याशीच घटनेच्या अर्थावरून उघड विरोध झाला. माझ्या मते दहाव्या निबंधातील उणीव त्याला येथे उमगली. अन्यायी बहुमताला आवर घालण्याची सोय त्याने केली होती. पण विस्तीर्ण देशात विखुरलेले बहुमत झोपी गेले आणि राजधानीजवळचा, पैशाने बांधलेला लहान गट सरकारवर स्वार झाला, तर काय? विखुरलेल्यांना एकत्र आणावयास काहीतरी साधन हवे. ते साधन म्हणजे पक्ष.

मग जेफर्सनसह न्यूयॉर्क-व्हरमाँटकडचा १७९१ चा प्रवास झाला, फिलिप फ्रेनोला हाताशी धरून वृत्तपत्र निघाले, त्यात मॅडिसनने निनावी लेख लिहिले. ह्या पक्षाचे नाव रिपब्लिकन. गंमत अशी की, ह्या मंडळींना आपण पक्ष आहोत हे मनोमन पटत नव्हते. आपण म्हणजे जनता आणि समोरचे म्हणजे कारस्थानी, अशी दोन्ही बाजूंची भावना होती. फेडरॅलिस्टांनी ह्या भावनेला १७९८ साली कायद्याचे रूप दिले. राष्ट्राध्यक्षावर किंवा काँग्रेसवर द्वेषमूलक खोटी टीका करणे गुन्हा ठरला; उपराष्ट्राध्यक्षपदी विरोधी पक्षाचा जेफर्सन असल्याने त्या पदाला मात्र हे संरक्षण नव्हते. मॅडिसनने नाव गुप्त ठेवून व्हर्जिनियाच्या विधिमंडळासाठी निषेधाचा ठराव लिहिला.

१८०० च्या निवडणुकीत पक्षाची शिस्त इतकी चोख ठरली की तीच अंगाशी आली. घटनेनुसार प्रत्येक निर्वाचकाने भेद न करता दोन नावे द्यावयाची होती. सर्व रिपब्लिकन निर्वाचकांनी जेफर्सन व बर ही दोन्ही नावे दिली आणि दोघांना ७३-७३ मते पडली. प्रतिनिधिगृहात छत्तिसाव्या मतदानानंतर, १७ फेब्रुवारी १८०१ रोजी जेफर्सन निवडून आला. पक्ष नसतील असे गृहीत धरून आखलेली पद्धत पक्षांपुढे कोलमडली. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन पदांसाठी स्वतंत्र मते ठरली, म्हणजे पक्षांचे नाव न घेता घटनेने त्यांना जागा करून दिली. सत्ता मात्र रक्तपात न होता विरोधकांच्या हाती गेली होती.

परराष्ट्रमंत्रिपदाची आठ वर्षे आणि राष्ट्राध्यक्षपदाची १८०९ ते १८१७ ही आठ वर्षे त्याच्या कीर्तीत फारशी भर घालीत नाहीत. बँकेची सनद १८११ साली संपू दिली, आणि १८१२ चे ब्रिटनविरुद्धचे युद्ध तिजोरीअभावी रडतखडत लढावे लागले. २४ ऑगस्ट १८१४ रोजी इंग्रज सैन्याने वॉशिंग्टन जाळले. १८१६ साली दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या कायद्यावर ह्याच मॅडिसनने सही केली. पंचवीस वर्षांचा व्यवहार आणि लोकांची संमती ह्यांमुळे घटनेचा अर्थ ठरून जातो, ही त्याची त्यावरची भूमिका होती.

गुलामगिरी वाईट, हे तो आयुष्यभर मान्य करीत आला आणि गुलामांच्याच श्रमावर जगला. १७८३ साली फिलाडेल्फियाहून परतताना एका गुलामाला त्याने सोबत नेले नाही. स्वातंत्र्याची चव कळलेला माणूस इतर गुलामांत नेणे धोक्याचे, हे त्याचे एक कारण होते. मृत्युपत्रातही त्याने कोणाला मुक्त केले नाही. संमतीवाचून कोणाला विकू नये अशी इच्छा तेवढी नोंदविली, आणि त्याच्या पत्नीने, डॉलीने, कर्जापायी पुढे अनेकांना विकले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केला, ते मॅडिसननंतरच्या पिढ्यांतले.

अखेरच्या वर्षांत साउथ कॅरोलायनाचे पुढारी त्याच्याच १७९८ च्या ठरावाच्या आधारे राज्याला केंद्राचा कायदा रद्द करण्याचा अधिकार सांगू लागले. ऐंशीच्या घरातील संधिवाताने जखडलेला म्हातारा पत्रामागून पत्रे लिहून तो अर्थ नाकारीत राहिला. २८ जून १८३६ रोजी माँटपेलिअरला त्याचे निधन झाले, तेव्हा घटनेवर सही करणाऱ्यांपैकी दुसरा कोणी हयात नव्हता. परिषदेतील टिपणे त्याने अर्धशतकभर प्रसिद्ध केली नव्हती. काँग्रेसने ती डॉलीकडून तीस हजार डॉलरांस विकत घेतली आणि १८४० साली ती छापून निघाली. गुलामांच्या संख्येवरून आणि व्यापारावरून बंद दारांआड कोणी काय देऊन काय घेतले, ते लोकांना त्या पानांत वाचावयास मिळाले. गुलामगिरीविरोधी चळवळीतील काही मंडळींनी घटनेवरील आपल्या आरोपांसाठी पुरावा म्हणून तीच पाने उपयोगात आणली.