नास्तिक म्हणविले गेलेले आगरकर

शहापूर-मुरबाडकडे भात झोडून झाले की गावोगाव सप्ताह बसतात. अशाच एका सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री, एका शिकलेल्या पोराने मला विचारले की बुवा, देव आहे याला प्रमाण काय? चार म्हातारे त्याच्यावर खेकसले. मी त्यांना आवरले आणि त्या पोराला गोपाळ गणेश आगरकरांची हकीकत सांगितली. माळकऱ्यांच्या मासिकात हे नाव कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे.

आगरकरांचा जन्म १८५६ सालचा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरी अठराविश्वे दारिद्र्य. कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे कालवली, शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट केली आणि शेवटी अकोल्यास मॅट्रिक झाले. पुण्याला डेक्कन कॉलेजात अंगावर सदरा एकच. रात्री धुवायचा, सकाळी तोच घालायचा. एवढे सोसून एम. ए. झाले, आणि आईला कळविले की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. आपल्यात याला वैराग्य म्हणतात.

कॉलेजात मिल्ल आणि स्पेन्सर वाचले, टिळकांशी मैत्र जडले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे मते फाटली. १८८७ साली ‘केसरी’ सुटला, १८८८ साली ‘सुधारक’ निघाला.

माणसाला देव सुचला कसा, हे आगरकरांनी स्पेन्सरच्या वाटेने मांडले. स्वप्नात मेलेला बाप दिसला, पाण्यात आपलीच छाया दिसली. त्यातून भूत, भुतातून पितर, पितरांतून देव. जगाच्या मुळाशी काय आहे ते बुद्धीला कळणारे नाही, मग त्याच्या नावावर विधवेचे केशवपन कसले, असा त्यांचा रोख.

आता माझे ऐका. पाठशाळेत आम्ही उदयनाचार्यांची न्यायकुसुमांजली घोकली. घट आहे म्हणजे कुंभार आहे. तसे जग हे कार्य, म्हणून त्याला कर्ता आहे. अनुमान चोख. पण वेद शिरोधार्य मानणाऱ्या कुमारिल भट्टांनीही जगाचा कर्ता मानला नाही. तेव्हा एकट्या आगरकरांवर दात खाण्यात अर्थ नाही. खोट काढायचीच तर ती युक्तिवादात काढावी. तान्ह्या पोराला आईची ओळख भुकेतून होते, म्हणून आई खोटी ठरत नाही. कल्पना कुठून उपजली यावरून वस्तू आहे की नाही हे ठरत नसते. उलट, उदयनाचार्यांच्या अनुमानाने हाती येतो तो कर्ता, विठोबा नव्हे. कुंभार सिद्ध झाला म्हणून कोणी त्याच्या दारी टाळ घेऊन नाचत नाही. (गोरोबाकाका क्षमा करोत.)

असो. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती त्यांच्या दारावरून गेली आणि त्यांनी ती पाहिली. आणि याच माणसाच्या घरात पत्नी यशोदाबाईंचा देवधर्म चालू होता. ते त्याच्या आड आले नाहीत. आपली मते बायकोवर लादली नाहीत, ही गोष्ट आपल्यातल्या किती बुवांना जमते?

१८९२ साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, पण दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी गेले. सांगतात की त्यांच्या उशाखाली एक पुडी निघाली. आपल्या दहनाचा खर्च कोणावर पडू नये म्हणून त्यांनी तेवढे पैसे तीत बांधून ठेवले होते.